जोहोरचा बांध, १:१५० : प्रकल्प नोंदी

१० ऑगस्ट २०२५

विषय ठरला. दिवाळीनंतरच्या प्रदर्शनात आमच्या टेबलावर सिंगापूर आणि मलेशियातलं जोहोर यांना जोडणाऱ्या बांधाचं मॉडेल असेल. इथे सिंगापुरात सगळे त्याला कॉजवे म्हणतात, आणि कॉजवे म्हटलं की प्रत्येकाला एकच गोष्ट आठवते : शुक्रवारची संध्याकाळ, मोटरसायकलींचे लोंढे, पासपोर्टच्या रांगा. रोज तीन लाखांहून जास्त माणसं या एक किलोमीटरवरून ये-जा करतात, त्यामुळे ते साहजिकच आहे. पण हा बांध मुळात मालगाडीचे डबे पलीकडे नेण्यासाठी घातला. रस्ता त्याच्या अंगावरच होता, पण गरज रेल्वेची होती. बघणाऱ्याला एवढं कळलं तरी मॉडेलचं काम झालं.

काका माझ्यासोबत आहेत. निवृत्त स्थापत्य अभियंता, सगळी नोकरी धरणांच्या भरावावर गेली. विषय सांगितला तेव्हा म्हणाले, "छेद दाखवणार असशील तर मी येतो. वरून बांध सगळेच बघतात."

छेद दाखवायचा.

१३ ऑगस्ट

प्रमाणावर तासभर खल. शेवटी १:१५०. कारण सरळ आहे. मलायातली (आजच्या मलेशियाच्या द्वीपकल्पातली) रेल्वे मीटरगेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर एक मीटर. मॉडेल रेल्वेच्या झेड गेज या छोट्या मापाचे तयार रूळ ६.५ मिलिमीटरचे मिळतात, आणि ६.५ गुणिले १५० म्हणजे ९७५ मिलिमीटर. पंचवीस मिलिमीटरचा फरक डोळ्याला कळत नाही. शिवाय जपानी कंपन्यांच्या मोटारी, माणसं, झाडं सगळी १:१५० मध्येच येतात.

बांधाची लांबी १,०५६ मीटर. या प्रमाणात सात मीटरच्या वर जाते. आमचं टेबल तेवढं नाही आणि आमच्या घराची बैठकही नाही. म्हणून सलग बांध करायचा नाही. चार सुटे खंड करायचे, प्रत्येकाचा काळ वेगळा : बांधाआधीची सामुद्रधुनी, १९२४ चा लॉक (नावांसाठी दारांची पाणकोठी), १९४२ चं भगदाड आणि आजचा बांध. मधली लांबी फलकावर रेषेने दाखवू.

१७ ऑगस्ट

खंड एक : बांध नसताना.

सिंगापूर बेटावरची रेल्वे १९०३ मध्ये सुरू झाली. टँक रोडवरून निघायची, बुकित तिमाहवरून उत्तरेला वुडलंड्सच्या किनाऱ्यावर येऊन संपायची. पुढे पाणी. पलीकडे जोहोर बाहरू, आणि १९०९ पर्यंत तिथे रेल्वेही नव्हती. त्या वर्षी जोहोर संस्थानातून जाणारा गेमासपर्यंतचा मार्ग पुरा झाला आणि वर पेनांगसमोरच्या प्राईपासून खाली जोहोर बाहरूपर्यंत सलग रूळ आले. मलायातलं कथील आणि रबर गाडीत बसून थेट सामुद्रधुनीपर्यंत पोचू लागलं, आणि समोर एक किलोमीटरवर बंदराचं बेट दिसत असताना अडकू लागलं.

प्रवाशांची अडचण त्या मानाने किरकोळ होती. गाडीतून उतरायचं, वाफेच्या लाँचमध्ये बसायचं, पलीकडे दुसरी गाडी पकडायची. मालाची अडचण खरी. पोती उतरवा, पडावात भरा, पलीकडे पुन्हा उतरवा, पुन्हा डब्यात भरा. प्रत्येक हाताळणीला मजुरी, वेळ आणि थोडी चोरी. त्यावर उपाय म्हणून डब्यांसकट माल वाहणारे तराफे आणले. तराफ्याच्या डेकवर रूळ, किनाऱ्यावर उतारावरचा धक्का, भरतीओहोटीप्रमाणे वरखाली होणारी जोडपट्टी. डबे ढकलत तराफ्यावर चढवायचे, ओढून पलीकडे न्यायचे, तिथल्या रुळांवर उतरवायचे.

ही व्यवस्था चांगली चालली, आणि तीच तिची अडचण झाली. माल इतका वाढला की तराफे रात्रंदिवस फिरूनही पुरेनात. दोन किनाऱ्यांवर डब्यांच्या रांगा. रबराचे भाव चढलेले, मळे वाढत चाललेले, आणि सगळ्या द्वीपकल्पाची निर्यात मोजक्या डब्यांच्या तराफ्यातून गळत होती.

मॉडेलमध्ये तराफा आणि धक्का दोन्ही घेतो. तराफ्यावर चार डबे. धक्क्यामागे मात्र मावतील तितके उभे करायचे, म्हणजे न बोलता समजेल.

१८ ऑगस्ट

डब्यांची मागणी नोंदवली. मीटरगेजचे जुने मलायी मालडबे तयार मिळत नाहीत. झेडच्या चाकांवर कागदी पुठ्ठ्याचे खोके चढवायचे.

२४ ऑगस्ट

आज वाचन. निर्णय कसा झाला, हे मला या सगळ्यात सर्वांत रंजक वाटतं.

सामुद्रधुनी ओलांडायची म्हटल्यावर डोक्यात पहिला विचार पुलाचा येणार. पण संघराज्यातल्या मलाय संस्थानांचे (ब्रिटिश छत्राखालच्या चार संस्थानांचे) सार्वजनिक बांधकाम संचालक डब्ल्यू. आयर केनी यांनी १९१७ मध्ये दगडी भरावाचा बांध सुचवला. हिशेब असा : पूल घालायचा तर खोल पाण्यात पाये, बाहेरून येणारं पोलाद, आणि नंतर खाऱ्या हवेत कायमची रंगरंगोटी आणि डागडुजी. दगड मात्र हाताशी. पुलाउ उबिन बेटावर आणि बुकित तिमाहला ग्रॅनाइटच्या खाणी होत्याच. दगड टाकला की टाकला, त्याला रंग लागत नाही.

काकांना हे वाचून दाखवलं तेव्हा ते खूश. "देखभालीचा खर्च आधी मोजणारा माणूस भेटला एकदाचा. हल्ली उद्घाटनापर्यंतचाच खर्च मोजतात."

पण केनींच्या हिशेबात एक गोष्ट हलकी मोजली गेली, ती म्हणजे पाणी. पुलाखालून पाणी वाहतं, बांधाखालून नाही. जोहोरच्या सामुद्रधुनीत भरती दोन्ही टोकांनी आत येते. मध्ये भिंत घातली की एका वाहत्या खाडीच्या दोन बंद खाड्या होतात. लहान जहाजांसाठी तोड काढली (तिचा खंड वेगळा येईल), पण तेवढ्याने प्रवाह मोकळा राहत नाही. हे मी फलकावर ठळक लिहिणार आहे. काका म्हणतात इतकं ठळक नको, त्या काळी कोण मोजत होतं. त्या काळी मोजलं नाही म्हणून आज लिहू नये, हे मला पटत नाही.

त्याच सुमाराचा आणखी एक धागा. १९१८ मध्ये बेटावरची रेल्वे संघराज्याच्या रेल्वेला विकली गेली, आणि रुळांखालची बरीचशी जमीन ९९९ वर्षांच्या पट्ट्याने तिच्याबरोबर गेली. बांध घालण्यापूर्वी दोन्ही किनाऱ्यांची रेल्वे एका मालकाची झाली. साम्राज्य एकच, तेव्हा कोणाला त्यात वावगं दिसलं नसावं. ही कागदाची गोष्ट, मॉडेलमध्ये दाखवता येणार नाही. फलकावर दोन ओळी राखून ठेवल्या.

३१ ऑगस्ट

छेदाचा दिवस. काका सकाळीच आले, ग्राफपेपर घेऊन.

माहीत असलेलं : माथ्याची रुंदी ६० फूट, म्हणजे १८.३ मीटर. त्यात मीटरगेजच्या दोन मार्गिका आणि २६ फुटांचा रस्ता. ओहोटीच्या वेळीही खोल भागात वीसेक मीटर पाणी. दगड सुमारे १५ लाख घनयार्ड, म्हणजे साडेअकरा लाख घनमीटरच्या आसपास.

बाजूचा उतार आम्ही एकास दीड धरला, पाण्यात ओतलेल्या दगडाला साधारण शोभणारा. पाण्याखाली २१ मीटर आणि वर ४ मीटर असा २५ मीटर उंचीचा भराव घेतला तर तळाची रुंदी ९० मीटरच्या पुढे जाते. वर अठरा, खाली नव्वद. कागदावर काढल्यावर मीही बघत राहिलो. गाडीतून जाताना आपण ज्याला बांध म्हणतो ती एका डोंगराची सपाट केलेली शेंडी आहे.

मग काकांनी उलटी पडताळणी केली. सगळीकडे इतकं खोल नाही. सरासरी भराव अठरा मीटर उंचीचा धरला, त्याच्या छेदाचं क्षेत्रफळ काढलं, लांबीने गुणलं. उत्तर नऊ लाख घनमीटरच्या थोडं खाली आलं. उरलेले जवळजवळ तीन लाख? "तळाचा चिखल," काका म्हणाले. "मऊ गाळात दगड टाकशील तर आधी तो गाळातच बसणार. एक थर समुद्राला द्यावाच लागतो." आमचा हिशेब ढोबळ आहे, उतार गृहीत आहे, तरी दगडाचा आकडा पटण्यासारखा आहे एवढं कळलं. लांबीच्या दर मीटरमागे हजार घनमीटरहून जास्त दगड. दोन मार्गिका आणि एक रस्ता एवढ्यासाठी.

१:१५० मध्ये छेद : माथा १२२ मिलिमीटर, पाण्याखालची खोली १४० मिलिमीटर, तळ ६० सेंटिमीटरच्या वर. टेबलाची खोली ७५ सेंटिमीटर आहे. बसलं.

७ सप्टेंबर

भराव. आत थर्माकोल कापून पायऱ्या केल्या आणि वर खरा दगड लावला. मत्स्यटाकीच्या दुकानातली करडी खडी चाळून तीन आकारांत वेगळी केली. आत बारीक, बाहेरच्या अंगाला मोठे तुकडे. लाटेचा मार बाहेरच्या दगडाने घ्यायचा असतो. काकांनी प्रत्येक मोठा तुकडा चिमट्याने बसवला, मला हात लावू दिला नाही.

काम चालू असताना मजुरांचा विषय निघाला. दोन हजारांहून जास्त माणसं या कामावर होती. खाणीत सुरुंग, फोडणी, पडावात भरणं, खोल पाण्यात ओतणं. ठेका लंडनच्या टॉपहॅम, जोन्स अँड रेल्टन कंपनीचा, सल्लागार अभियंतेही लंडनचेच. फलकावर त्यांची नावं येतील, कारण ती कागदावर आहेत. दगड फोडणाऱ्यांची नाहीत. त्यामुळे मॉडेलवर निदान माणसं तरी भरपूर ठेवू : पडावांवर, धक्क्यावर, भरावाच्या टोकाशी. साहेब एकच, टोपीवाला, मागे सावलीत.

१४ सप्टेंबर

खंड दोन : लॉक आणि उचलपूल. सगळ्यात अवघड आणि सगळ्यात आवडता.

बांधामुळे जहाजांची वाट बंद होणार होती, म्हणून जोहोरच्या टोकाशी लॉक बांधला. लॉक म्हणजे दोन्ही बाजूंना दारं असलेली पाण्याची कोठी. बांध पुरा झाल्यावर पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या पाण्याची पातळी एका वेळी सारखी राहीलच असं नाही. नुसती फट ठेवली असती तर फरकाच्या वेळी पाणी तिच्यातून जोरात धावलं असतं आणि लहान नावांचं काही खरं नव्हतं. म्हणून नाव आत घ्यायची, मागचं दार लावायचं, पाणी पुढच्या पातळीला आणायचं, पुढचं दार उघडायचं. लांबी १७० फूट, रुंदी ३२ फूट. किनाऱ्यालगतच्या लहान नावांपुरतंच. मोठ्या जहाजाला इथून वाट उरली नाही.

आणि या कोठीवरून रस्ता आणि रेल्वे दोन्ही जायची. त्यासाठी विजेवर चालणारा उचलपूल. नाव आली की पूल वर, गाडी आली की खाली. कोणाला आधी सोडायचं, यावर रोज वाद होत असणार असं मला वाटतं, पण तो माझा तर्क.

मॉडेलमध्ये लॉक ३४५ गुणिले ६५ मिलिमीटर. भिंती एमडीएफच्या, वर सिमेंटचा हात. पूल हाताने उचलता येईल असा करतो, मोटार नको. मुलं मोटार तासाभरात जाळतील.

काकांशी मतभेद : त्यांना दारं उघडी हवीत, मला बंद. पाण्याच्या दोन पातळ्या दिसल्या पाहिजेत. एका बाजूला रेझिन चार मिलिमीटर वर ओतायचं ठरवलं. खऱ्या मापात ते साठ सेंटिमीटर होतात. थोडं नाट्य चालेल.

२० सप्टेंबर

फलकासाठी तारखा. इथे थोडं थांबावं लागतं, कारण बांधाला एक जन्मदिवस नाही.

काम ऑगस्ट १९१९ मध्ये सुरू. २४ एप्रिल १९२० रोजी स्ट्रेट्स सेटलमेंट्स (सिंगापूर ज्यात होतं ती ब्रिटिश वसाहत) इथले गव्हर्नर सर लॉरेन्स गिलेमार्ड आणि जोहोरचे सुलतान इब्राहिम यांच्या उपस्थितीत पायाभरणीचा समारंभ. १७ सप्टेंबर १९२३ ला पहिली मालगाडी. १ ऑक्टोबर १९२३ ला प्रवासी गाड्या. औपचारिक उद्घाटन २८ जून १९२४. खर्च अंदाजे १ कोटी ७० लाख स्ट्रेट्स डॉलर, संघराज्य, जोहोर आणि स्ट्रेट्स सेटलमेंट्स यांनी वाटून घेतलेला.

इथे बहुतेक सगळे १९२४ लिहितात. आम्ही फलकावर सप्टेंबर १९२३ मोठ्या अक्षरात घेतो. उद्घाटनाच्या नऊ महिने आधी मालगाडी जाऊ लागली होती. साहेबांची फीत कापायला सवड मिळेपर्यंत रबर थांबणार नव्हतं. आणि क्रमही बघा : आधी माल, मग दोन आठवड्यांनी माणसं.

पुढे काही वर्षांतच बांधाला तिसरा प्रवासी मिळाला, पाणी. १९२७ मध्ये जोहोरशी करार झाला आणि पुढे जोहोरमधल्या गुनुंग पुलाई डोंगरावरचं पाणी नळाने बांधावरून सिंगापुरात येऊ लागलं. आजही जाड नळ बांधाच्या कडेने जातात. खंड चारमध्ये ते दिसलेच पाहिजेत.

२८ सप्टेंबर

खंड तीन : भगदाड.

यावर काम करताना दोघेही कमी बोललो. ३१ जानेवारी १९४२. जपान्यांपुढे मलायातून मागे हटणारं ब्रिटिश सैन्य रात्रभर बांधावरून बेटावर आलं. शेवटी आर्गाइल अँड सदरलंड हायलँडर्स ही स्कॉटिश पलटण, बॅगपाइप वाजवत. सकाळी सुरुंग उडवला. जोहोरच्या बाजूला सुमारे ७० फुटांचं भगदाड पडलं. लॉक आणि उचलपूल गेले, आणि जोहोरहून येणारा पाण्याचा नळही तुटला. वेढ्यात सापडणार असलेल्या बेटाने आपलं पाणी आपल्याच हाताने तोडलं. तळ्यांमध्ये साठा होता म्हणून त्या दिवशी कोणाच्या घशाला कोरड पडली नसेल, पण पुढच्या दोन आठवड्यांत पाणी हा शरणागतीच्या कारणांपैकी एक ठरला.

सगळे आलेही नव्हते. २२ वी भारतीय ब्रिगेड रेल्वेमार्गाच्या कडेने मागे येत होती. लायांग-लायांगजवळचा रेल्वेपूल आधीच उडवला गेला, आणि ती मागे तुटली. तिच्या डिव्हिजनचे जनरल बार्स्टो तिथेच मारले गेले. ब्रिगेडची माणसं जंगलातून वाट काढत दक्षिणेकडे यायचा प्रयत्न करत राहिली आणि बहुतेक सगळी पकडली गेली. बांध उडाला तेव्हा ती अजून जोहोरमध्ये होती. इंग्रजी फलकांवर बॅगपाइप असतो, ही ब्रिगेड क्वचित असते. आमच्या फलकावर ती पहिल्या ओळीत.

जपानी सैन्य बांधावरून आलं नाही. ८ फेब्रुवारीच्या रात्री ते पश्चिमेला सारिंबुनच्या किनाऱ्यावर नावांनी उतरलं, मग क्रांजीला. बांधाचा भाग ताब्यात आल्यावर भगदाडावर तात्पुरता पूल टाकून त्यांनी वाहतूक सुरू केली. १५ फेब्रुवारीला सिंगापूर पडलं. सत्तर फूट भगदाडाने किती दिवस मिळवून दिले, हे त्यावरून दिसतं. काका म्हणाले, "भराव फोडून उपयोग नसतो. पूल पाडला तर नदी आडवी येते. भराव फोडला तर बाकीचा भराव शत्रूच्याच कामाचा."

भगदाड मॉडेलमध्ये १४२ मिलिमीटर. खडी ढासळलेली, रूळ वाकून पाण्यात. रूळ मेणबत्तीवर गरम करून वाकवले. माणूस एकही ठेवला नाही.

२९ सप्टेंबर

कालच्याला जोड. युद्धानंतर बांध दुरुस्त झाला, रूळ परत आले, पण लॉक आणि उचलपूल पुन्हा बांधले नाहीत. जहाजं थोडी, खर्च मोठा. म्हणजे पाण्याची जी एक लहानशी वाट १९२४ मध्ये ठेवली होती तीही तेव्हापासून बंद. खंड दोन आणि तीन शेजारी मांडायचे, एकाच जागेचे दोन काळ म्हणून.

५ ऑक्टोबर

तेब्राउ शटलने, म्हणजे बांधावरून ये-जा करणाऱ्या गाडीने, जाऊन आलो. खंड चारसाठी मोजमापं नाही घेता येत (सीमेवर टेप काढून उभं राहण्याची हौस नाही), पण डोळ्यांनी बघायचं होतं.

गाडी २०१५ पासून आहे. वुडलंड्सहून पाच सिंगापूर डॉलर, परतीला पाच रिंगिट. तिकीट मिळवणं हेच खरं काम. वुडलंड्सला दोन्ही देशांचे शिक्के एकाच छताखाली होतात, मग फलाटावर, मग डब्यात. डिझेल इंजिन, मीटरगेज, धिम्या गतीने पाचेक मिनिटं. डबा एकदा बांधावर आला की एका बाजूला रस्ता तुंबलेला दिसतो. ज्यांनी पाच डॉलरमध्ये जागा मिळवली त्यांच्या चेहऱ्यावर तेवढा वेळ एक साळसूद समाधान असतं. माझ्याही असावं.

आता मार्गिका एकच आहे. मूळ दोन होत्या. मालगाडी नाही, क्वालालंपूरची थेट गाडी नाही, रात्रीची मेल नाही. ज्या रुळांसाठी डोंगर पाण्यात ओतला त्यांच्यावर दिवसभर एकच छोटी गाडी मागेपुढे करते. परतीच्या गाडीत शेजारची मलेशियन बाई तिच्या आईला सांगत होती की लिंक (शेजारी होत असलेली नवी रेल्वे) सुरू झाली की ही कटकट संपेल.

१२ ऑक्टोबर

फलकाचा तिसरा भाग : रेल्वे बेटावरून मागे कशी सरकली.

१९३२ मध्ये बेटाच्या दक्षिणेला तांजोंग पागरला भव्य स्थानक झालं, दर्शनी भागावर चार संगमरवरी पुतळे, त्यांच्यावर एफ, एम, एस, आर ही अक्षरं. संघराज्य रेल्वेची. १९६५ मध्ये सिंगापूर स्वतंत्र झालं, १९६७ पासून बांधावर पासपोर्ट लागू लागला, पण रूळ, फलाट आणि ९९९ वर्षांचा तो पट्टा मलेशियाच्या रेल्वेकडे. एका देशाच्या मधोमध दुसऱ्या देशाच्या रेल्वेची जमिनीची पट्टी.

त्यातून झालेला गोंधळ ऐकून हसू येतं. १९९८ मध्ये सिंगापूरने आपली तपासणी वुडलंड्सला हलवली, मलेशियाने आपली तांजोंग पागरलाच ठेवली. म्हणजे उत्तरेकडे जाणारा माणूस आधी कागदोपत्री मलेशियात शिरायचा, मग अर्धा तास सिंगापुरातून प्रवास करायचा आणि मग सिंगापूर सोडायचा. हे २०११ पर्यंत चाललं. २०१० च्या करारानंतर ३० जून २०११ च्या रात्री तांजोंग पागरहून शेवटची गाडी सुटली. ती चालवत होते जोहोरचे सुलतान इब्राहिम इस्माईल. १९२० च्या समारंभाला जे सुलतान इब्राहिम हजर होते त्यांचे हे पणतू. दुसऱ्या दिवसापासून रेल्वे वुडलंड्सलाच थांबू लागली, १९०३ मध्ये जिथे तिचं टोक होतं त्याच बाजूला.

पणजोबा-पणतू फलकावर घ्यायचे. असं नशिबानेच मिळतं.

१९ ऑक्टोबर

दिवाळी. काम बंद. रेझिन सुकतंय.

२६ ऑक्टोबर

काकांनी अचानक विचारलं, "हा बांध काढून पूल करावा असं कोणालाच वाटलं नाही?" वाटलं. मलेशियात पंतप्रधान महाथीर यांच्या काळात योजना निघाली. सिंगापूर आपला अर्धा भाग पाडायला तयार नव्हतं, तेव्हा मलेशियाने फक्त आपल्या अर्ध्या भागावर वळणावळणाचा उंच पूल बांधायचा, खालून जहाजं जातील असा. रेल्वेसाठी फिरता पूल. लोक त्याला वाकडा पूल म्हणत. एप्रिल २००६ मध्ये पंतप्रधान अब्दुल्ला बदावींच्या सरकारने तो रद्द केला.

काकांनी लगेच कागदावर आखून बघितलं. अर्ध्या किलोमीटरच्या आत जहाजाच्या उंचीपर्यंत चढायचं आणि उतरून ठरलेल्या जागी जुळायचं, तर रस्ता वाकवण्यावाचून इलाज नाही, कारण सरळ घेतला तर चढ फार होतो. "म्हणजे वाकडा होता तो राजकारणाने नाही, भूमितीने," ते म्हणाले. मी म्हटलं, काका, अर्धाच बांधायची भूमिती राजकारणानेच दिली होती. त्यावर चहा झाला.

याचा खंड नाही करायचा. न झालेल्या गोष्टीला टेबलावर जागा नाही. फलकावर एक रेखाटन.

२ नोव्हेंबर

खंड चार लावला. रस्ता, बस, दुचाक्या (दाटीवाटीने, एकमेकींना चिकटवून), नळ, एक मार्गिका, एक छोटी गाडी. मागे पूर्वेच्या बाजूला नवा पूल घ्यायचा की नाही, हा प्रश्न आज सोडवला.

नवी आरटीएस लिंक, म्हणजे सीमेपलीकडे जाणारी नवी प्रवासी रेल्वे, साधारण चार किलोमीटरची, वुडलंड्स नॉर्थ ते बुकित चागर. सामुद्रधुनीवर २५ मीटर उंच पूल, तासाला एका दिशेने दहा हजार प्रवाशांची क्षमता. पुलाचे दोन किनाऱ्यांकडचे भाग जानेवारी २०२४ मध्ये मधोमध जुळले. २०२६ अखेरीपर्यंत गाडी सुरू व्हायची आहे, आणि त्यानंतर सहा महिन्यांत तेब्राउ शटल बंद होणार. म्हणजे बांधावरची शेवटची प्रवासी गाडीही जाणार, आणि तिची जागा घेणार एक पूल. ज्या पुलाला १९१७ मध्ये महाग म्हणून नाकारलं होतं तो शंभर वर्षांनी झाला, तोही फक्त माणसांसाठी. खालून पाणी वाहतं ठेवून, पण शेजारी बांध तसाच असल्यामुळे त्या वाहण्याला कुठे जाता येत नाही.

काका म्हणाले, "केनी चुकला नव्हता. दगड अजून आहेच ना? शंभर वर्षं रंग न लावता." बरोबर आहे. दगड आहे, रस्ता आहे, नळ आहेत, रोजचे तीन लाख आहेत. ज्याच्यासाठी तो टाकला ती रेल्वे तेवढी उतरते आहे.

पूल घ्यायचा. ॲक्रिलिकचे पारदर्शक खांब, वर १६७ मिलिमीटरवर पांढरी पट्टी, गाडी न ठेवता.

८ नोव्हेंबर

फलक छापून आले. मराठी वर, इंग्रजी खाली. पहिल्या फलकाचं शीर्षक 'मालगाडीसाठी समुद्रात ओतलेला डोंगर'. काकांना 'डोंगर' अतिशयोक्ती वाटते. छेद समोर आहे, लोकांनी मापं बघून ठरवावं.

खंड चारचे रूळ चिकटवलेले नाहीत, दोन बारीक स्क्रूवर बसवले आहेत. पुढच्या प्रदर्शनाला ते काढून ठेवता येतील. मोकळ्या पट्टीवर काय येईल हे कळल्यावर तो भाग नव्याने रंगवू.

बाकी : लॉकच्या उचलपुलाची बिजागरी सैल आहे, ती बदलायची. खंड एकच्या धक्क्यामागे अजून डबे हवेत, आणि दुचाक्यांचा एक डबा जास्तीचा आणायचा, कारण प्रदर्शनात मुलं त्या खिशात घालून नेतात.